टाकानिनीच्या जाधवबाईंचं जॉर्जिया

अमेरिकेत मंगळवारी रात्री जे होतं ते आमच्या न्यूझीलंडमध्ये बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत होतं. तिकडे अध्यक्ष निवडून येत असतो तेव्हा इकडे आम्ही सँडविच खात असतो, नाहीतर कुठल्यातरी मीटिंगमध्ये मान डोलावत असतो. जगाचं भवितव्य ठरलं, ही बातमी आम्हाला साधारण चहाच्या वेळेला कळते. याला टाकानिनी या आमच्या उपनगरात एकच अपवाद होता. त्या बुधवारी जाधवबाई बारालाच जेवून घ्यायच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसायच्या, वर लेकीचं जुनं पफर जॅकेट चढवायच्या आणि एकच्या ठोक्याला टीव्हीसमोर ताठ बसायच्या. कारण आमच्या घड्याळात एक वाजला की तिकडे जॉर्जियातलं मतदान संपतं. बाकीची एकोणपन्नास राज्यं काय दिवे लावतात याच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं.

"जॉर्जियाचं सांगा," त्या टीव्हीतल्या निवेदकाला दटावायच्या. "बाकीचं राहू दे."

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. बाईंचा मुलगा समीर तिथे अटलांटाजवळ राहतो. पण म्हणून बाईंना त्या राज्याचा पुळका होता असं नाही. उलट समीरवर त्यांचा राग होता, आणि तो राग त्यांनी अख्ख्या जॉर्जियावर काढला होता.

बाईंची आणि माझी ओळखही मतदानकेंद्रावरच झाली. टाकानिनीच्या एका नव्या वसाहतीत आम्ही घर घेतलं होतं. सगळी घरं इतकी सारखी आणि इतकी राखाडी, की कचऱ्याच्या डब्यावरचा नंबर बघून आपलं दार ओळखावं लागे. इथे नागरिक नसलात तरी कायमचे रहिवासी असलात की मत देता येतं, म्हणून मी मोठ्या उत्साहात शाळेच्या हॉलमध्ये गेलो. रांग अशी नव्हतीच, पण टेबलापाशी गाडी अडली होती. साठी कधीच उलटलेल्या एक बाई टेबलावर पासपोर्ट, आधार कार्ड आणि विजेचं बिल मांडून उभ्या होत्या आणि टेबलामागची मुलगी ते सगळं हळूहळू त्यांच्याकडे परत सरकवत होती. इथे ओळखपत्र मागत नाहीत. नाव सांगायचं, मुलगी यादीत खूण करते आणि मतपत्रिका हातात देते.

"नो नीड," मुलगी म्हणत होती. "यू आर ऑल गुड. स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत, सगळं झकास आहे.

"आय से आय अ‍ॅम सुमन जाधव, अँड यू बिलीव्ह?"

"येस."

"टुमॉरो आय से आय अ‍ॅम प्राइम मिनिस्टर. देन?"

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावरून नेमकं ओळखलं. "मराठी ना तुम्ही? जरा सांगा हो हिला. मी खोटी असू शकते म्हणावं!"

आपण खोटे असू शकतो हे पटवून देण्यासाठी इतकं झगडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. शेवटी बाईंनी नाइलाजानं खरेपणा मान्य केला आणि मत दिलं. बाहेर आल्यावर त्यांनी डाव्या हाताची तर्जनी डोळ्यांसमोर धरली. बोट कोरं होतं. इथे मत दिल्यावर एक नारिंगी स्टिकर देतात, तो त्यांनी चिमटीत असा धरला होता की जणू कुणी वापरलेलं बॅन्डेज हातात दिलंय.

"चिकटवणी!" त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर फ्रीजला लावायची. मत दिल्यासारखं वाटतंय का तुम्हाला?"

खरं तर वाटत होतं, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. बाईंनी पर्समधून काळा मार्कर काढला, स्वतःच्या बोटावर नखापासून खाली एक ठसठशीत रेघ ओढली आणि मग माझा हात मागितला. "इथलं पहिलंच ना? शाब्बास." सोमवारी ऑफिसात तीन जणांनी मला विचारलं की बोट दारात चेमटलं का.

पुढे कळलं ते असं. बाई कराडला हायस्कूलमध्ये इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायच्या. निवडणुकीची ड्युटी आली की बाकीचे शिक्षक डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायला लागत, आणि बाई मात्र आदल्या दिवशीच पिशवी भरून तयार. कितीतरी निवडणुका त्यांनी शाई लावायच्या टेबलावर काढल्या. "अर्ध्या तालुक्याची बोटं माझ्या हातून गेलीत," असं त्या सांगायच्या. मोठमोठ्या पुढाऱ्यांचीही गेली होती, आणि बाईंनी त्यांच्या नखांच्या स्वच्छतेवरून जी मतं बनवली होती ती इथे लिहिता येणार नाहीत. पहिल्यांदा मत द्यायला आलेलं पोर दिसलं की शाई लावताना त्या हळूच "शाब्बास" म्हणत. नियमात बसतं का, असं एकदा वरच्या साहेबानं विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "शाब्बास हे कुठल्या पक्षाचं चिन्ह आहे?"

नवरा गेल्यावर लेक वैशाली त्यांना इकडे घेऊन आली. वैशाली हॉस्पिटलमध्ये नर्स. तिची मुलगी तारा इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. बाईंनी त्यावर उपाय केला नव्हता. "ऐकून घेते ना? मग झालं. वर्गातली पोरं तेवढंही करत नव्हती."

बाईंची दोन वचनं आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ होती. एक म्हणजे, "रांग लांब दिसली की समजावं, निकाल पालटणार." आणि दुसरं, "मत कुणाला दिलं हे विचारणारा चावट आणि सांगणारा महाचावट." हे दुसरं त्या अगदी धर्मासारखं पाळत. वर्षाची सहल पिहाच्या समुद्रावर न्यायची की हॅमिल्टनच्या बागेत, यावर मंडळात हात वर करून मतं घ्यायचं ठरलं तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. हात वर करायचा म्हणजे शेजारीण बघणार, नवरा बघणार. चालायचं नाही. गुप्त मतदान झालंच पाहिजे. पेटी नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातून कुकर आणला, शिट्टी काढली आणि प्रत्येकानं चिठ्ठीची सुरळी करून ती शिट्टीच्या भोकातून आत ढकलली. भोक केवढं, चिठ्ठ्या केवढ्या! दोन मतं अडकून बसली ती स्वेटरच्या सुईनं आत लोटावी लागली. तासाभरानं पिहा निवडून आलं. त्या दिवशी पिहाला इतका पाऊस पडला की आम्ही सगळे गाडीतच बसून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. पण बाई खूश होत्या. निकाल कसा लागला याच्याशी त्यांचं भांडण कधीच नसे, तो कसा लावला याच्याशी असे.

अशा बाईंच्या पोटी समीर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

समीर कॉलेजातून थेट अमेरिकेत गेला, त्यामुळे भारतातलं किंवा तिथलं कुठलंच मत त्यानं कधी दिलेलं नव्हतं. तो अमेरिकेचा नागरिक झाला तेव्हा बाईंना बाकी कसला आनंद नव्हता, पण आता तरी हा मत देईल याचा होता. मग तिकडे निवडणूक आली. बुधवारी दुपारी बाईंनी त्याला फोन लावला आणि विचारलं, दिलंस का. तो बिचारा खरं बोलला. "अगं, गेलो होतो. रांग केवढी होती, परत आलो. आणि जॉर्जियाचं ठरलेलंच असतं गं. लाल ते लालच. माझ्या एका मतानं काय होणार?"

तिथल्या दोन पक्षांना रंगांनीच ओळखतात, एक लाल आणि एक निळा. आणि जॉर्जिया तेव्हा पाव शतकाच्या आसपास लालच होतं, हेही खरं. पण बाईंना रंगांचं काही नव्हतं. ज्या बाईनं अर्ध्या तालुक्याच्या बोटांना शाई लावली, तिचा मुलगा रांग बघून परत आला होता. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हापासून अबोला.

हा अबोला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि जगात एवढा बोलका अबोला दुसरा नसेल. दर रविवारी वैशाली भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवायची आणि बाई शेजारी बसून तिला सूचना द्यायच्या.

"वैशाली, त्याला विचार, खोकला गेला का."

"गेला गं आई," फोनमधून समीर म्हणायचा.

"वैशाली, गेला म्हणतोय, पण आवाज घोगरा आहे. हळद घ्यायला सांग."

"घेतो गं."

"मी त्याच्याशी बोलत नाहीये, सांग त्याला."

"आजी, ही कॅन हिअर यू," तारा म्हणायची.

"ऐकू दे की. ऐकायला बंदी नाही."

हे चार वर्षं चाललं. गंमत वाटायची, नाही असं नाही. पण एकदा वैशाली मला म्हणाली, "हसतोस काय निखिल! तो फोन ठेवतो ना, मग आई अर्धा तास त्या फोनकडे बघत बसते." बाईंना बोलायचं होतं हो. पण त्यांनी घातलेली अट त्यांनाच मोडता येत नव्हती. समीरनं मत दिल्याशिवाय बोलणार नाही, असं त्या सगळ्यांसमोर म्हणून बसल्या होत्या, आणि पुढची निवडणूक चार वर्षांनी.

ती निवडणूक आली ती नेमकी करोनाच्या वर्षी. आमच्या देशाचं दार बंद. समीरला इकडे येता येईना, बाईंना तिकडे जाता येईना. बाईंचं ब्लड प्रेशर वर गेलेलं. आणि त्या ऑक्टोबरात जॉर्जियात मतदान सुरू झालं. तिथे आधीपासून बरेच दिवस मत देता येतं, आणि टीव्हीवर दाखवत होते त्या रांगा बघून बाई खुर्चीत पुढे सरकल्या. इमारतीला वळसा घालून, गाडीतळ ओलांडून, पार रस्त्यापर्यंत माणसं उभी. घडीच्या खुर्च्या घेऊन, डबे घेऊन.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "यंदा जॉर्जिया उलटतंय."

डॉक्टर म्हणजे गद्रे डॉक्टर. पुण्याचे, डोळ्यांचे, निवृत्त, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारे. शेजारच्या पापाकुरात मुलाकडे राहायचे आणि रोज संध्याकाळी चालायच्या निमित्तानं बाईंशी वाद घालायला यायचे. "छे! जॉर्जिया म्हणजे दगडावरची रेघ आहे, बाई. तुमच्या रांगा बघून काय राज्य उलटतंय?"

"पैज?"

"पैज. हरेल त्यानं दिवाळीला अनारसे करायचे."

त्या वर्षी निकालाच्या बुधवारनंतर जेमतेम दहा दिवसांनी दिवाळी होती. अनारसे म्हणजे लाडू नव्हेत, लहर आली की वळले. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवायचे, कुटायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. म्हणजे निकालाची वाट बघत बसलं तर दिवाळीला अनारसे नाहीत. तेव्हा असं ठरलं की पीठ बाई तयार करतील आणि हरेल तो ते तळेल. डॉक्टरांनी मोठ्या मनानं कबूल केलं, कारण आपण हरणार हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मधल्या काळात समीरचा फोटो आला. शर्टावर स्टिकर, त्यावर पीच फळाचं चित्र आणि 'मी जॉर्जियाचा मतदार' अशा अर्थाचं काहीतरी. वैशालीनं नाचत नाचत तो बाईंना दाखवला. बाईंनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला.

"चिकटवणी आहे. कुणाचीही लावता येते. शाई कुठाय?"

"आई, तिकडे शाई नसते!"

"मग मला काय माहीत?"

वैशाली वैतागली आणि तिनं भावाला काहीतरी कानमंत्र दिला. दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला. समीरनं बोट पुढे धरलेलं, आणि बोटावर नखापासून खाली काळी रेघ. वैशालीला वाटलं आता आई विरघळणार. बाई फोटोकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी माझी खुर्ची थोडी मागे घेतली.

"उजवा हात आहे," बाई म्हणाल्या. "शाई डाव्या हाताला लावतात. बोगस!"

झालं. शाई लावणाऱ्या बाईला घरबसल्या शाई लावून दाखवायची! होता तो विश्वासही गेला. त्या रविवारी बाई फोनजवळ आल्याच नाहीत, आणि हे मात्र चार वर्षांत कधी झालं नव्हतं. समीर तिकडून विचारत होता, "आई कुठाय?" आणि बाई स्वयंपाकघरात उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुत होत्या.

मग तो बुधवार. मी घरून काम करत होतो, म्हणजे लॅपटॉप घेऊन बाईंच्या सोफ्यावर बसलो होतो. एक वाजला, जॉर्जियाचं मतदान संपलं आणि आकडे यायला लागले. नकाशावर जॉर्जिया लालच लाल. डॉक्टर इतके खुशीत आले की त्यांनी बाईंना खसखस चांगल्या दुकानातली आणा असंही सुचवलं. बाई उठल्या, जुने तांदूळ धुतले आणि भिजत घातले.

गुरुवारी बाईंनी तांदळाचं पाणी बदललं. जॉर्जियातली लालची आघाडी थोडी कमी झाली होती. शुक्रवारी पुन्हा पाणी बदललं, आघाडी आणखी कमी. डॉक्टर आता बसून बघेनात, येरझाऱ्या घालायला लागले. "अजून टपालाची मतं मोजतायत म्हणे! ही काय पद्धत झाली?" त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मोजू द्यावं माणसाला. घाई तांदळाला चालत नाही आणि मतमोजणीलाही."

शनिवारी सकाळी त्यांचा मिक्सर बिघडला म्हणून आमचा घेऊन मी गेलो. बाईंनी तांदूळ स्वच्छ पंचावर पसरले होते आणि त्या टीव्हीकडे बघत होत्या. रात्रीत जॉर्जिया उलटलं होतं. निळे पुढे गेले होते, आणि तेही किती, तर एवढ्या मोठ्या राज्यात बोटांवर मोजण्याइतक्या हजारांनी.

मला वाटलं, पैज जिंकल्या म्हणून बाई खूश असतील. पण त्या भलत्याच कारणानं तळमळत होत्या. पंचाभोवती फेऱ्या चालू होत्या. "माझ्या एका मतानं काय होणार म्हणे!" त्या मला म्हणाल्या. मग वैशालीला म्हणाल्या, मग ताराला म्हणाल्या. "बघा आता! काय होणार, बघा!" पण आम्हाला सांगून काय उपयोग? हे ज्याला सांगायचं त्याच्याशी अबोला. चार वर्षं जपून ठेवलेलं 'बघ, मी म्हणत होते' तोंडाशी आलेलं आणि सांगायला माणूस नाही. आईच्या जातीला याहून मोठी शिक्षा नसेल.

शेवटी त्यांनी वैशालीपुढे हात केला. "लाव फोन."

"स्पीकरवर?"

"लाव."

समीरनं फोन उचलला. तिकडे शुक्रवारची दुपार होती. बाईंनी घसा साफ केला आणि चार वर्षांनी मुलाशी पहिलं वाक्य बोलल्या. "खोलीत आत जायचं दार आणि बाहेर यायचं दार वेगळं होतं का?"

"आई? तू... माझ्याशी बोलतेयस?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"वेगळं होतं."

"आत गेल्यावर पहिल्या टेबलावर काय विचारलं?"

समीरनं सगळं सांगितलं. ओळखपत्र पाहिलं, कार्ड दिलं, पडद्यावर बोटानं मत द्यायचं, मग त्याचा कागद छापून येतो, तो वाचायचा आणि यंत्रात घालायचा. बाई मान डोलावत होत्या. ओळखपत्र मागतात म्हटल्यावर त्यांचा जॉर्जियाबद्दलचा आदर एकदम वाढलेला मला दिसला. "आणि रांग?" त्यांनी विचारलं.

"रांग खूप होती गं. सकाळी गेलो तो दुपार झाली. माझ्यापुढे एक म्हातारी होती, ऐंशीची तरी असेल. तिची खुर्ची मी उचलत होतो, ती मला शेंगदाणे देत होती. मध्येच वाटलं जावं परत. पण तिच्यासमोरून कसा जाणार?" मग म्हणाला, "आई, आत गेल्यावर तिथल्या बाईला कळलं की माझं पहिलंच मत आहे. ती ओरडली, फर्स्ट टाइम व्होटर! आणि खोलीतली सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी एवढा चाळिशीचा ढोल्या, केस गेलेला, आणि माझ्यासाठी टाळ्या. मला रडूच आलं गं. तू आठवलीस. तू शाई लावताना पोरांना शाब्बास म्हणायचीस ना, ते आठवलं. लहानपणी तुझ्या शाळेच्या खिडकीतून बघायचो मी. वाटायचं, आपण मोठं झाल्यावर आई आपल्यालाही म्हणेल."

बाई पंचावरचे तांदूळ उगाच हातानं सारखे करत राहिल्या. वैशालीनं डोळ्याला ओढणी लावली होती. मी मिक्सरची वायर गुंडाळत होतो, जी आधीच गुंडाळलेली होती.

"रांगेत पुढे घुसला नाहीस ना?" बाईंनी विचारलं.

"नाही गं."

"त्या बोटाची बोगस रेघ धुतलीस?"

"धुतली."

"मग शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि मग पदरात तोंड खुपसून रडल्या. फोनवर रडलेलं त्याला कळू नये म्हणून त्यांनी मला खूण केली, आणि मी मिक्सर लावला.

कुणाला मत दिलंस, हे त्यांनी विचारलं नाही. वैशालीच्या ओठांवर आलं होतं, पण बाईंनी रडता रडतासुद्धा तिच्याकडे असं पाहिलं की तिनं गिळलं.

राहता राहिले डॉक्टर. मतं पुन्हा हातानं मोजणार असल्याचं जाहीर झालं तेव्हा त्यांनी त्याचा आधार घेतला. "अंतिम निकाल लागेपर्यंत मी कढईला हात लावणार नाही!" बाईंना तर हातानं मोजणार या बातमीनंच इतका आनंद झाला की त्यांनी हरकत घेतली नाही. दिवाळी आली आणि गेली, पिठाचा गोळा फ्रीजमध्ये मुरत राहिला, आणि जॉर्जियानं हातानं मोजूनही तेच सांगितलं. बारा-तेरा हजारांच्या फरकानं निळंच. अनारसे झाले ते तुळशीच्या लग्नाला.

डॉक्टरांनी ताराचा फुलाफुलांचा एप्रन बांधून पहिला अनारसा तुपात सोडला. तो लगेच हसला, म्हणजे कढईभर विरघळून पसरला. दुसराही हसला. तिसरा जरा धरला तेव्हा डॉक्टरांनी उत्साहात झारा घालून तो पालथा केला, आणि सगळी खसखस तुपात गेली.

"जॉर्जिया उलटलं म्हणून अनारसा उलटायचा नसतो, डॉक्टर," बाई म्हणाल्या आणि झारा काढून घेतला. मग त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात.

चार वर्षांनी पुन्हा तो बुधवार आला. डॉक्टर म्हणाले लाल, बाई म्हणाल्या निळं. या वेळी फार वाट बघावी लागली नाही, जॉर्जिया पुन्हा लाल झालं. डॉक्टर सोफ्यावरून उठून दाराबाहेर जाऊन नाचून आले. बाईंनी निकाल निमूट मान्य केला आणि तांदूळ भिजत घातले. पण तळायला नकार दिला. "पैज हरले, तळीन. पण माझा माणूस येऊ दे."

डिसेंबरात समीर आला. आठ-नऊ वर्षांनी मायलेकांची भेट. विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो, म्हणून मला ते बघायला मिळालं. तो मोठा, ढोल्या, टकल्या माणूस सामानाची ढकलगाडी सोडून हात पसरून धावत आला, आणि बाईंनी त्याला हातभर अंतरावर थोपवलं. पर्समधून मार्कर काढला. "डावा," म्हणाल्या. त्यानं डावा हात दिला. त्याच्या तर्जनीवर नखापासून खाली बाईंनी नीट सावकाश रेघ ओढली आणि मगच त्याला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनारसे झाले. बाहेर पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी भरलेली, आणि डॉक्टर ती फुलं आपल्याच पक्षाची असल्यासारखी सगळ्यांना दाखवत होते. बाईंच्या अनारशांतला एकही हसला नाही. जाळीदार, वर खसखस, अगदी बघत राहावेत असे. चौथा अनारसा खाता खाता डॉक्टरांनी डोळे बारीक केले. "काय समीरराव, आता आठवडाभर इथे आहात. त्या वेळी टाळ्या वाजल्या तेव्हा मत लाल होतं की निळं? एवढं सांगा म्हणजे मी सुखानं मरेन."

समीर हसला, तोंड उघडलं, आणि बाईंनी अख्खा अनारसा त्यात कोंबला. "चावट," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "या घरात गुप्त मतदान आहे."

पुढच्याच महिन्यात माझी नोकरी ख्राइस्टचर्चला गेली आणि तिच्या मागे आम्ही. त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. वैशालीचा फोन आला तेव्हा मी कितीतरी वेळ डाव्या हाताच्या बोटाकडे बघत बसलो होतो. फार आठवण येते त्यांची, आणि निवडणूक नसतानाही येते.

पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याच अनारशांच्या दिवशीच्या. सगळे पांगल्यावर मी आमचा डबा न्यायला मागच्या अंगणातून परत गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मायलेक दिसले. समीर कढई घासत होता, बाई शेजारी पुसायचं फडकं घेऊन उभ्या. बाईंनी दाराकडे पाहिलं. बैठकीच्या खोलीत वाकून पाहिलं. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर त्या मुलाला अगदी खेटून उभ्या राहिल्या, चवड्यांवर उंच झाल्या आणि त्यांनी आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.

समीरनं चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून कानात काहीतरी सांगितलं. फार तर एक शब्द असेल.

बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. मग ओल्या फडक्यानं त्याच्या पाठीत एक सणसणीत फटका दिला, आणि दोघंही कढईवर ओणवून हसत सुटले. मी डबा न घेताच परत आलो.